गोड वासाची बाळं

पावणे, ७ ऑक्टोबर १९९६

प्रिय राजी,

तुझ्या माहेरच्या गावात दुकानावर फोन केला की बापू वाणी सांगतो, "त्या शेताकडं गेल्यात." सकाळी केला तरी शेताकडं, संध्याकाळी केला तरी शेताकडं. सहावा महिना लागलेल्या लेकीला रावसाहेबमामा एवढं राबवत असतील यावर माझा विश्वास नाही, आणि मामांची एवढी जमीनही नाही. तेव्हा फोनचा नाद सोडला आणि कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हे लिहायला बसलो. पत्राला तरी शेताकडं जाता येत नाही.

तू गेल्यापासून घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. आई स्वयंपाक करते, बाबा जेवतात, मी ताटं उचलतो. बाबांनी परवा विचारलं, "रनजीतचं काय पत्रबित्र?" तुझ्या भावाचं नाव घेऊन तुझी चौकशी करायची ही त्यांची रीत. वाशीच्या मार्केटात जन्मभर पोती वाहिली त्या माणसानं, आणि सुनेच्या नावाशी असा अडखळतो.

तुझा राग मला समजतो. आपल्या गेलेल्या मुलीच्या आजाराचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी तू विचारलंस, "तपासायला नमुना आणला कुठून?" आणि मी खरं सांगितलं. आपल्या मुलीची एक लंगोटी मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून कारखान्याच्या फ्रीजमध्ये ठेवली होती. ती गेल्यावर तू तिची एक तरी वस्तू मागत होतीस आणि आई सांगत होती की सगळं खाडीत सोडलं. तेव्हा मी बोललो नाही. पण राजी, ती लंगोटी तुला दिली असती तर तू धुऊन, घडी करून ट्रंकेत ठेवली असतीस, आणि ती दोघं कशानं गेली हे आपल्याला कधीच कळलं नसतं.

माझा धंदाच वासाचा. साबणात, बिस्किटांत, अगरबत्तीत घालायचे अर्क आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि मी ते नाकानं आणि मशीनवर तपासतो. पहिला मुलगा झाला तेव्हा मामी कौतुकानं म्हणाल्या, "पोराला गुऱ्हाळाचा वास येतोय, देवाघरचं लेकरू हाय." आठवडा उलटायच्या आत देवानं ते परत नेलं. दुसरी इथं झाली, आणि तिच्या लंगोटीला तोच काकवीचा वास आला तेव्हा ती मी धुवायला टाकली नाही. दोन वेगळ्या गावांत, दोन वेगळ्या बाळांना एकच वास. त्याचा माग काढल्याशिवाय मला अन्न गेलं नसतं.

बाळंतपण इकडं कर. बेलापूरच्या दवाखान्यात डॉ. रंजिता आहेत, सगळी तयारी ठेवतील. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण ये.

तुझा,
उदय


पावणे, ४ नोव्हेंबर १९९६

प्रिय राजी,

तुझ्या पत्राची वाट पाहत होतो, आलं मामांचं. पाकिटावर "श्री. उदयसिंह यांस" असं लिहिलेलं पाहिलं तेव्हाच कळलं. ज्यांच्या खांद्यावर बसून मी बेंदराचे बैल पाहिले, त्यांनी मला "श्री." लावलं.

लिहितात, आमच्या रक्तात खोट काढलीस. लिहितात, मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकू नयेत, बाळंतपण माहेरीच होईल. ते सगळं मी गिळलं. शेवटी मात्र एक ओळ आहे: "लेकीला तू म्हणालास की तुझं दूध विषारी आहे. ती दुसऱ्या कुणाशी हे बोलली नाही, फक्त आईजवळ बोलली."

म्हणजे ते फ्रीजचं नव्हतं. महिनाभर मी त्या लंगोटीवरून स्वतःशी वाद घालत बसलोय आणि तू भलतंच मनात घेऊन गेलीस.

राजी, ते वाक्य डॉक्टरांचं होतं, आणि तेही तसं नव्हतं. आता नीट सांगतो. त्या दिवशी मी घाईत सांगितलं, अर्ध्या हळकुंडानं पिवळा होऊन.

आपण जे खातो ते अंगात तसंच राहत नाही. त्याचे बारीक बारीक रेणू होतात, एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, अशी अखंड ये-जा चाललेली असते. दुधात, डाळीत, मांसात जी प्रथिनं असतात त्यांतले तीन घटक आपल्या बाळांच्या अंगात पुढं फुटत नव्हते. वाट तिथं बंद होती. ते तुंबले, त्यांची आम्लं झाली, ती मेंदूला चढली. त्यातूनच तो गोड वास. तुझंच काय, गाईचं, शेळीचं, डब्यातलं, कुठलंही दूध त्यांना सोसलं नसतं. दुधात काहीही वाईट नव्हतं. सगळ्या जगातली लेकरं ज्यावर वाढतात तेच ते.

रंजिता मॅडमकडं मशीन आहे ते माझ्या मशीनचं मोठं भावंड. माझं मशीन अर्क तापवून त्यातला एकेक रेणू वेगळा काढतं. त्यांचं तो प्रत्येक रेणू मोडून त्याचं वजनही करतं. मी विचारलं, तुम्ही नेमका कोणता आजार शोधता? त्या म्हणाल्या, "एकच शोधायचा असता तर हे एवढं कशाला? लघवीच्या थेंबात शेकडो रेणू असतात. ते सगळे एकदम वाचायचे. अंगात काय शिजतंय, काय करपलंय, बाईनं काल काय खाल्लं, सगळं त्यात असतं. आपल्याकडं अजून फार कोणी करत नाही. पुढं करतील." त्या इथल्याच, करावे नावाच्या गावच्या. बापाची भातखाचरं नव्या शहरासाठी सरकारनं घेतली तेव्हा आलेल्या पैशातून लेकीला शिकवलं.

आणि रक्ताचं म्हणशील, तर मामांना एवढं सांग. माझी आई आणि तुझे वडील सख्खी भावंडं. आजोबांकडून की आजीकडून, देव जाणे, पण एक अर्धी चूक दोघांतही उतरली, तिथून तुझ्यात आणि माझ्यात. अर्धी चूक कुणालाच बाधत नाही. आपण दोघं धडधाकट आहोत की. दोन अर्ध्या एकत्र आल्या तरच पूर्ण होते. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या आहे, तिला आता मी काय करू? आपलेच दात, आपलेच ओठ. पण दर खेपेला तसंच होईल असंही नाही. चारांतली तीन बाळं चांगली निपजतात. मॅडमनी कागदावर काढून दाखवलं.

आणि तरीही, मला विचारशील तर, मला दुसरी कुणी नको होती. सातवीत होतो तेव्हापासून मला माहीत होतं की तू माझी. रीत नसती तरी मी तुलाच मागितलं असतं.

उदय


कोपरखैरणे, १ डिसेंबर १९९६

प्रिय राजी,

तू येणार नाहीस हे आता माझ्या टाळक्यात शिरलंय. तेव्हा दुसरा मार्ग. मॅडमनीच सुचवला.

या पाकिटात जाड पांढऱ्या कागदाच्या चार चकत्या आहेत. प्रयोगशाळेत गाळायला वापरतात तो कागद, टिपकागदासारखा. बाळ झालं की तिसऱ्या दिवशी यातली एक चकती लंगोटीत ठेवायची. भिजली की सावलीत वाळवायची, उन्हात नाही, चुलीजवळ तर मुळीच नाही. वाळली की स्वच्छ पाकिटात घालून पाठवायची. पाण्यानं परत भिजवून मशीनमध्ये घालतात. एवढ्याशा डागावर सगळं वाचता येतं.

पोस्टानं पाठवू नका, दिवस जातील. कराडहून आल्याची पोती घेऊन गाड्या रोज मार्केटला येतात. बाबांच्या जुन्या टोळीतले हमाल त्या उतरवतात. रणजीतनं पाकीट ड्रायव्हरच्या हातात दिलं की दुसऱ्या सकाळी ते माझ्या हातात. मॅडम म्हणतात, चूक असलीच आणि आठवड्याच्या आत कळली, तर बाळ वाचू शकतं. नेहमीचं दूध बंद करायचं आणि बाहेरून खास पावडर मागवायची. जगातली काही मुलं त्यावर शाळेत जातात. म्हणजे यंदा आपण आंधळे नाही, राजी. वेळ तेवढी साधायला हवी.

दुसरी गोष्ट. त्याच गाडीच्या परतीच्या खेपेला एक डबा येईल, मेथीच्या लाडवांचा. मी केले नाहीत, तेव्हा घाबरू नकोस. आईनं केलेत. शनिवारी मी आलो तर घरभर तुपाचा आणि मेथीचा वास, आणि आई परातीपुढं बसलेली. मी म्हटलं, कुणासाठी? तर म्हणते, "माझ्या भावाच्या लेकीसाठी. सुनंसाठी न्हाई. सुनंशी माझं बोलनं न्हाई." मग थोड्या वेळानं, "नववा लागला की रोज एक खावा म्हनावं. कंबर धरत न्हाई. आन् बाळातपनानंतर बी खावा."

दुसरी गेली तेव्हा ती तुला जे बोलली ते मी विसरलो नाही. "म्हायारची म्हनून आनली आन् माझ्याच घरातला दिवा इझला." तू विसरावंस असंही मी म्हणत नाही. पण गूळ किसताना तिची बोटं सोलली होती, ते मी पाहिलं. डबा परत पाठवायचा असेल तर पाठव. मी तो आईला न दाखवता कुठंतरी बसून संपवीन.

उदय


पावणे, ३० डिसेंबर १९९६

प्रिय राजी,

डबा परत आला नाही. पोचला, एवढं ड्रायव्हर सांगतो. घरात गेला की गोठ्यात गेला, ते कोण सांगणार? आई विचारत नाही. मी कामावरून आलो की माझ्या पिशवीकडं बघते आणि परत भाकरी थापायला लागते.

आज लिहिण्यासारखं काही नाही. तरी लिहितोय.

वाशीच्या स्टेशनबाहेर तू ज्या बाईकडून मोगरा घ्यायचीस, तिनं विचारलं, "वैनी दिसत नाय?" म्हटलं, माहेरी गेलीय. ती हसली, म्हणाली, "मंग गोड बातमी." तिनं उगीचच एक गजरा दिला. तो मी घरी आणून माठावर ठेवला. सुकला तरी काढवत नाही.

तू आरशावर चिकटवलेल्या टिकल्या अजून तिथंच आहेत. दाढी करताना माझ्या गालावर तुझी टिकली येते. तू असतीस तर पोट धरधरून हसली असतीस. हसू नकोस म्हणा आता, दिवस भरत आलेत.

मला तुझी फार आठवण येते. असं लिहायची मला सवय नाही, पण खरं तेच आहे. मूल हवंय, पण त्याहूनही आधी तू हवीस. हे मी त्या संध्याकाळी म्हणायला हवं होतं. मी रिपोर्ट समजावत बसलो.

उदय


पावणे, १७ जानेवारी १९९७

राजी,

बापू वाण्यानं आज स्वतः फोन केला. म्हणाला, "मुलगी झाली काल. दोगीबी बऱ्या हायत. आज कुनी शेताकडं गेलं न्हाई." चांगलाच चावट आहे.

मुलगी! बाबांनी अख्ख्या चाळीला पेढे वाटायला काढले होते, आईनं हात धरला. म्हणाली, "आठ दिस जाऊ देत." बाबा पेढ्यांचा पुडा हातात धरून तसेच बसले. आपल्या घरात आनंदालासुद्धा दारातच थांबवून ठेवतात, बघ.

उद्या तिसरा दिवस. कागद आठवतोय ना? तू रागानं फाडला नसशील ना? मॅडमना सांगून ठेवलंय. त्या सोमवारी मशीन फक्त आपल्यासाठी रिकामं ठेवणार आहेत.

ती कशी दिसते, हे कुणीतरी कळवा. केस आहेत का?

उदय


बेलापूर, सोमवार, २० जानेवारी १९९७

राजी,

दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहितोय. कागद गुडघ्यावर धरलाय, अक्षर लावून घे.

पहाटे मार्केटात गेलो. आल्याची गाडी लागली होती. ड्रायव्हरनं केबिनमधून पाकीट काढून दिलं. त्यावर तुझं अक्षर. "बाळ, मुलगी, शनिवार सकाळ." चार महिन्यांनी तुझं अक्षर दिसलं. तू स्वतः कागद ठेवलास, स्वतः वाळवलास, स्वतः लिहिलंस. मी तिथंच आल्याच्या पोत्यांत उभा राहून ते चार शब्द वाचत बसलो. हमालांनी ओरडून बाजूला केलं.

मग मी पाकीट उघडलं आणि नाकाला लावलं.

तोच वास, राजी. तोच. काकवीचा, करपलेल्या साखरेचा. आल्याच्या त्या घमघमाटातूनही आला. माझं नाक रोज याच गोष्टीचा पगार घेतं, ते इथं फसेल कसं?

मी धावत बूथवर गेलो, तुमच्या गावच्या दुकानाचा फोन लागला. बापूला म्हटलं, रणजीतला पळत बोलाव. रणजीतला सांगितलं, दूध बंद. आत्ता, या क्षणापासून. चमच्यानं ग्लुकोजचं पाणी, आणि कराडला मोठ्या दवाखान्यात न्यायची तयारी. तो म्हणाला, "दाजी, ती छान पितीय की." मी त्याच्यावर ओरडलो. पहिलाही छानच पीत होता. त्याच्यावर विश्वास राहीना म्हणून पोस्ट उघडल्यावर तारही केली.

इथं आल्यावर मॅडमच्या टेबलावर पाकीट ठेवलं आणि तार केल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "उदयसिंह, रिपोर्टच्या आधी तुम्हाला हे कुणी करायला सांगितलं? मला फोन का नाही केला?" मी म्हटलं, दुधानं तोंड पोळलंय मॅडम, ताक फुंकून पितोय. त्या म्हणाल्या, "तुम्ही ताक फुंकत नाही, सांडून टाकताय." मग कागद घेऊन आत गेल्या. कागद भिजवायचा, आम्लं वेगळी काढायची, मग मशीन. उद्यापर्यंत लागेल म्हणतात.

कुंदन म्हणून इथला मदतनीस आहे, मॅडमच्याच गावचा. त्यानं पाण्याचा पेला आणून दिला. "पानी पी आदी, दादा. मशीन काय पलून जात नाय."

तू आत्ता काय करत असशील? तिला अंगावर घेऊ देत नसतील. ती रडत असेल आणि तुझं दूध वाहत असेल. त्या संध्याकाळी मी जे बोललो ते आज तारेनं पुन्हा बोललो, एवढंच. पण तिला वाचवायचं आहे. या खेपेला तिला वाचवायचंच आहे. मग तू मला जन्मभर तोंड दाखवू नकोस, चालेल.

उदय


बेलापूर, मंगळवार, २१ जानेवारी १९९७

राजी, राजी,

पाज तिला. पोटभर पाज. हेच पहिलं. दुकानाची लाईन सकाळपासून मेली आहे, म्हणून तार केलीय, "बाळ ठीक, दूध सुरू करा." पत्राच्या आधी ती पोचेल. पोचलीच पाहिजे.

आता बसून सांगतो. मॅडमनी मला आत बोलावलं. पडद्यावर शिखरांची लांबच लांब रांग, एकेका रेणूचं एकेक शिखर. शेजारी आपल्या दुसरीचं जुनं चित्र ठेवलं होतं. त्यात तीन शिखरं डोंगराएवढी, ती मला आता झोपेतही ओळखता येतात. नव्या चित्रात त्या जागी काहीच नव्हतं. माळरान. मॅडम म्हणाल्या, "तीनही आम्लं सामान्य. तुमच्या मुलीला तो आजार नाही."

मी म्हटलं, मग वास? मॅडम, वास तर तोच आहे. मी खोटं बोलत नाही.

त्यांनी कागद स्वतः हुंगला होता. म्हणाल्या, "वास आहे. नाक बरोबर आहे तुमचं." मग पेन्सिलीनं भलतीकडचं एक बारकं शिखर दाखवलं. "हे बाळाच्या अंगात तयार झालेलं नाही. आईच्या खाण्यातून आलंय. बाळंतिणीनं मेथी खाल्लीय का? भरपूर?"

मी म्हणालो, माहीत नाही मॅडम, ती आमच्याशी बोलत नाही. आणि हे बोलता बोलताच मला आईपुढची ती परात आठवली.

मेथीचा अर्क आमच्याकडं महिन्यातून दोनदा तपासायला येतो, राजी. पातळ केला की अगदी काकवीसारखा लागतो, हे मीच नव्या पोरांना शिकवतो. पण तिथं बाटलीवर नाव लिहिलेलं असतं. इथं तुझं अक्षर होतं, आणि माझी अक्कल तिथंच गहाण पडली.

तू लाडू खाल्लेस.

गोठ्यात नाही गेले, कुणाला वाटले नाहीस. एखादा चाखून ठेवून दिला असता तर मॅडम म्हणतात एवढं दिसलंच नसतं. नववा लागल्यापासून रोज खाल्लेस. ना पत्र, ना फोन, ना निरोप, आणि रोज आईच्या हातचा लाडू. तो तुझ्यातून तिच्यात गेला आणि तिच्यातून कागदावर. मी तिथंच स्टुलावर बसून रडलो, मॅडमसमोर. कुंदननं परत पाणी आणलं.

घरी आलो. आई तांदूळ निवडत बसली होती. आधी सांगितलं, पोर चांगली आहे. तिनं हात जोडले. मग सांगितलं, राजीनं लाडू खाल्ले. तिला आधी कळेना हे मला कसं माहीत. मशीनवर दिसलं म्हटलं. "मशीनवर लाडू दिसत्यात?" म्हणाली. आणि मग एकदम पदर तोंडाला लावला. "समदं खाल्लं?" मी म्हटलं, समदं. "कडू झालं व्हतं ग बाई," म्हणाली, "मेथी जास्तच पडली व्हती." मी समोर असून ती तुझ्याशीच बोलत होती.

बाबा पेढ्यांचा पुडा घेऊन केव्हाच बाहेर पडले. पेढे शिळे झालेत, पण चाळीत कुणी बोललं नाही.

पण एक दीड दिवस तिला माझ्यामुळं साखरपाण्यावर काढावा लागला. तुझं दूध आटलं तर? तिनं परत तोंड लावलं नाही तर? हे वाचशील तेव्हा ती पीत असेल ना? एवढं फक्त कळव. मला शिव्या दे, पण त्यात एवढी एक ओळ घाल.

उदय


कोपरखैरणे, २९ जानेवारी १९९७

प्रिय राजी,

तुझं पत्र आलं. काल दुपारी आलं, आज उत्तर लिहितोय, कारण काल मला लिहिता आलं नाही.

तू लिहितेस, "फोनमागोमाग तार आली. रणजीतनं वाचली. आईनं ग्लुकोज कालवून वाटी हातात दिली. मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, वाटी खिडकीतून ओतली आणि तिला पाजलं. सगळ्यांना वाटत होतं, मी चमच्यानं पाणी पाजतेय. तुमची दुसरी तार येईपर्यंत असंच केलं. आधीची दोघं शेवटी नळ्या लावून, उपाशी गेली. ही जायचीच असेल तर माझ्या अंगावर, पोट भरून जाईल, असं मी ठरवलं होतं. दूध विषारी असेल तर असू दे. तिच्या आईचं आहे."

हे वाचून मी घरातून बाहेर पडलो आणि खाडीपर्यंत चालत गेलो. मला तुझा भयंकर राग आला होता. रिपोर्ट उलटा आला असता तर, राजी? त्या बंद दाराआड तू तुझ्या हातानं तिला... पुढं लिहवत नाही. तू चुकलीस. हे लिहिलं नाही तर मी खोटा ठरेन. मीही चुकलो, पण माझी चूक दीड दिवसाच्या भुकेची होती. तुझी चूक तुला जन्मभर पुरली असती.

राग उतरायला वेळ लागला. उतरला तेव्हा त्याखाली निराळंच काही निघालं. त्या खोलीत तू एकटी होतीस. बाहेर तुझे आईवडील, भाऊ, आणि तारेत मी. सगळे एका बाजूला. आतमध्ये तू पोरीला छातीशी धरून, ती मरणार असं समजून, तिला पाजत होतीस. आणि तुझ्याबरोबर कुणी नव्हतं. मी तिथं असतो तर कदाचित तुला अडवलं असतं. कदाचित अडवू शकलो नसतो, नुसता बसून राहिलो असतो. पण असायला हवा होतो.

शेवटी तू लिहितेस की बारसं अडलंय. पहिल्या दोघांना नाव मिळालंच नाही, हिला मिळायला हवं. नाव ठेवायला आत्या लागते आणि तुला नणंद नाही. "तेव्हा माझ्या आत्यालाच पाठवा. माझंही नाव तिनंच ठेवलं होतं. ती एकटी कशी येईल, सोबत कुणीतरी लागेलच." हे आईला वाचून दाखवलं. दोनदा. ती उठली आणि लुगडी काढून बसली. सोबतीला कुणाला न्यावं, याचा घरात खल चालू आहे. बाबा म्हणतात, मी जातो. त्यांना सांगितलं, तुम्ही नंतर.

शुक्रवारी निघतो. हे पत्र आज टाकलं तर आमच्या आधी एक दिवस पोचेल, म्हणून टाकतोय. कारण समोर आल्यावर मला हे बोलता येणार नाही, मी परत रिपोर्ट समजावत बसेन.

मी अंगणात येईन तेव्हा मामा असतील, मामी असतील, सगळे असतील. चहापाणी होईल, मामा मला "श्री." म्हणतील की "उदा" म्हणतील ते बघू. मग केव्हातरी पोर रडेल आणि तू तिला घेऊन आत जाशील. मी मागं येईन. तेव्हा दार लावून घेऊ नकोस.

तुझा,
उदय